डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस

आम्हां उदगीरकरांस सोलापूर परकें नाहीं. तेथें १९१० सालीं जन्मलेले डॉक्टर कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकासह, जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस गेले. वडील निवर्तल्याची वार्ता आली, तरी जखमी शिपायांस सोडून ते परतले नाहींत. आठव्या रूट सेनेंत शस्त्रवैद्याचें काम करीत असतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तीस वर्षांच्या वयांत, त्यांचा अंत झाला. इतर चौघे मायदेशीं परतले. ‘आणि एक परत आला नाहीं’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांनीं लिहिलें, त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं बोलपट काढला. दूर देशीं झालेली ही सेवा घरोघरीं कळली, ती त्या लेखणीमुळें. मुलांनो, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण शाळेंत ऐकतों. ती आचरून दाखविणारा हा मनुष्य आमच्याच मुलखांतला होता.