छद्मविंचू व त्याचे जीवाश्म

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव मराठी वाचकास नवे नाही. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी ज्याची विशेष अभिवृद्धी केली, त्या या संग्रहात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी ग्रंथ ताडपत्रांवर आणि कागदांवर लिहिलेले आढळतात. १९१८ मध्ये तो सर्वांस खुला झाला. अशा पोथ्यांत कीड लागू नये म्हणून वेखंडाच्या भुकटीच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत दक्षिणेत जुनी आहे. परंतु जुन्या ग्रंथांचा आणखी एक रक्षक असतो, आणि त्याची नेमणूक कोणीही केलेली नसते. तो म्हणजे छद्मविंचू.

हा प्राणी सामान्यतः दोन ते चार मिलिमीटर लांबीचा असतो. कोळी, विंचू व गोचीड ज्या अष्टपाद वर्गात मोडतात, त्याच वर्गातला हा होय. पुढे विंचवासारखे दोन चिमटे असतात. शेपूट व नांगी मात्र मुळीच नसते. अनेक जातींच्या चिमट्यांत विषग्रंथी असल्या, तरी माणसास त्यांपासून काडीचाही अपाय नाही. जुन्या कागदांतील बुरशीवर जगणारे बारीक कीटक हे त्याचे भक्ष्य. ग्रंथांत शेपटीवाचून असलेला विंचवासारखा एक सूक्ष्म जीव सापडतो, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. आणि १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सूक्ष्मदर्शकावरील ग्रंथात रॉबर्ट हूक याने, वाचीत असलेल्या पुस्तकावरून चालत गेलेल्या अशाच एका जीवाचे वर्णन केले आहे.

तथापि पुस्तक हे त्याचे मूळ घर नव्हे. झाडांच्या साली, पालापाचोळा, दगडांखालची ओल, गुहा हे त्याचे खरे वसतिस्थान. ग्रंथ निर्माण होण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तो तेथेच राहत होता. पण हे कशावरून समजावे?

तंजावरच्या उत्तरेस, कोळ्ळिडम नदीपलीकडे, अरियलूरच्या परिसरात क्रिटेशस काळातील खडक आहेत. त्यांतून शंखशिंपले, अमोनाइट आणि शार्क माशांचे दात विपुल मिळतात. पेरम्बलूर जिल्ह्यातील सातनूर येथे तर १८ मीटरांहून लांब असा एक दगड बनलेला वृक्षाचा बुंधा आहे, भूवैज्ञानिक एम. एस. कृष्णन् यांनी १९४० मध्ये तो उजेडात आणला. अशा वृक्षांच्या सालीखाली त्या काळी छद्मविंचू वावरत असतील, ही कल्पना मुळीच अवास्तव नाही. परंतु हे खडक समुद्राच्या तळाशी साचले. वाहत आलेले जाड लाकूड तेथे गाळात रुतून टिकले. तांदळाच्या कणीएवढा, पातळ कवचाचा प्राणी कसा टिकावा?

म्हणूनच छद्मविंचवाचे जीवाश्म बहुतांशी अंबरात, म्हणजे गोठून कठीण झालेल्या झाडाच्या राळेत, मिळतात. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरातील नमुन्यांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातच झाला होता. त्यांतील काही छद्मविंचू माश्यांचा किंवा गांधीलमाश्यांचा पाय चिमट्यात घट्ट धरलेले आहेत. दुसऱ्याच्या पंखांवर प्रवास करण्याची आजची त्यांची खोड तेव्हाही होती, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. १९१७ मध्ये कॉकरेल याने, तेव्हा हिंदुस्थानच्या राज्यकारभारात असलेल्या ब्रह्मदेशातील अंबरातून एका जातीचे वर्णन केले. ते अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांचे असल्याचे आधुनिक कालमापनाने ठरले आहे.

अंबराचा एक दोष ध्यानात ठेवावा लागतो. राळेत सालीवरचे जीव सहज अडकतात, गुहेतले व जमिनीखालचे क्वचितच. शिवाय अतिप्राचीन राळेत प्राण्यांचे अवशेष मिळतच नाहीत. त्यामुळे केवळ अंबरावर भिस्त ठेवणाऱ्यास या गणाचा जन्म फार अलीकडचा वाटला असता.

हा भ्रम १९९१ मध्ये दूर झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात गिल्बोआ येथील डेव्होनियन काळचे खडक तीव्र आम्लात विरघळवले असता, त्यांतील वनस्पतींच्या अवशेषांबरोबर प्राण्यांच्या कातडीचे सूक्ष्म तुकडे सुटे होतात. त्यांतून शावालर, शिअर व बोनामो यांनी ‘ड्रॅकोकेला’ नावाच्या छद्मविंचवाचे वर्णन केले. नमुने पूर्ण वाढ न झालेल्या प्राण्यांचे. वय सुमारे ३८ कोटी वर्षे. आश्चर्य हे की, चिमटे व त्यांवरील लांब संवेदी केस आजच्या जातींप्रमाणेच आहेत. म्हणजे ज्यास आपण आरंभ समजतो, तेथेही हा प्राणी तयारच दिसतो; त्याची घडण त्याहूनही आधी झाली असली पाहिजे.

यानंतर सुमारे पंधरा कोटी वर्षांची पोकळी येते. तिच्या अलीकडच्या टोकावर, युक्रेनमधील उत्तर ट्रायासिक काळच्या खडकांतून ‘आर्किओफिएला’ हा छद्मविंचू मिळाला व त्याचे वर्णन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अंबराबाहेर मिळालेला मध्यजीव महाकल्पातील हा पहिलाच छद्मविंचू. आज जिवंत असलेल्या सुमारे ४,००० ज्ञात जातींपुढे जीवाश्म जाती शंभरही भरत नाहीत. तेव्हा असा एकेक नमुना किती मोलाचा, हे सांगणे नलगे.

आर्किओफिएला ज्या कुळात गणला जातो, त्या फिएलिडी कुळाचा आणखी एक प्रतिनिधी ब्रह्मदेशी अंबरातही मिळाला आहे. ते कूळ नष्ट झालेले नाही. त्याच्या काही जाती भारतात व श्रीलंकेत आजही जिवंत आहेत.