कुंडलिकेच्या तोंडावर गरी टाकताना

अलिबाग ते मुरूड या किनाऱ्यावर मी बावीस वर्षं गरवतोय. होडी नाही, एक रॉड, डब्यात कोळंबी आणि बरोबर कधीमधी पुतण्या. बहुतेक गावाला कोळीवाडा, खाडीत डोल जाळी, उथळ पाण्यात पाग फेकणारी माणसं. त्यात २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या हौशी मंडळींची भर पडली. एवढ्या हातांनी पिंजलेल्या किनाऱ्यावरही मासा लागतो. मात्र काही गोष्टी मला फार उशिरा कळल्या.

१. आधी तिथी बघा, मग जागा.
"काका, चांगली जागा कुठली?" हे मला सगळे विचारतात. कुंडलिका नदीच्या तोंडावर, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याचा तोच खडक अष्टमीला भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या पाण्यात निपचित असतो आणि अमावास्येनंतरच्या द्वितीयेला त्याच्या कडेने पाणी धावत असतं. त्या धावत्या पाण्याबरोबर बोय मासळी खाडीत चढते आणि तिच्या मागावर जिताडा, तांबोसा येतात. आजोबांनी मला भरतीचं गणित पाऊणकीवर शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाला. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आता मोबाइलवर मिनिटागणिक वेळ दिसते, तरी मी पुतण्याकडून पाऊणकी पाठ करून घेतली. घरात बसल्या बसल्या कालनिर्णयवर नजर टाकून पुढचा पंधरवडा डोळ्यांपुढे उभा राहतो, तो त्या पाढ्यामुळे.

२. उधाणाच्या सुकतीला रॉड घरी ठेवून जा.
माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा धडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास इथे पाणी खूप चढतं-उतरतं, आणि उतरलं की एरवी झाकलेला तळ उघडा पडतो. अशा वेळी मी वही घेऊन हिंडतो. कालवांनी भरलेला खडक कुठे आहे, त्याच्या बाजूने पन्हळ कुठून जाते, वाळूत खळगा कुठे पडलाय, हे नकाशासारखं काढतो. मासा त्या पन्हळीतूनच वर येतो आणि खडकाच्या आडोशाला दबा धरून थांबतो. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाखाली मी सहा वर्षं लांब, अगदी ताकद लावून गरी टाकत होतो. एका सुकतीला पाहिलं, तर खोल पन्हळ तटापासून जेमतेम वीस पावलांवर! माझी गरी रोज मासा ओलांडून पलीकडे पडत होती. पावसाळ्यात लाटा वाळू हलवतात, म्हणून दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर नकाशा पुन्हा काढावा लागतो.

३. रविवारी सकाळी दहाला जाऊ नका.
याला स्पष्टीकरण नको.

४. जाळ्याच्या तरंगत्या बोयांपलीकडे गरी टाकू नका.
एकदा मी टाकली. गरी जाळ्यात अडकली आणि मी जोर लावून ओढली. दोरा तुटला, जाळंही फाटलं. संध्याकाळी जाळ्याच्या मालकाला शोधून माफी मागितली. ते चिडले नाहीत. मला शेजारी बसवलं, हातात सुई दिली आणि एक-एक डोळा कसा विणायचा ते दाखवलं. ते भोक बुजायला रात्र झाली. माझ्यासाठी जी सुट्टीची सकाळ असते, ती त्यांच्यासाठी त्या दिवसाची चूल असते. तेव्हापासून बोये दिसले की मी जागा सोडतो आणि होडी येत असेल तर दोरा गुंडाळतो. भरभरून मासा लागत असला तरीही.

५. परतीची वाट आधी ठरवा.
अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर सुकतीला चालत जाता येतं आणि भरती लागली की ती वाट बुडते, हे सगळ्यांना माहीत आहे. खडकांचंही तसंच असतं, फक्त तिथे सांगणारं कोणी नसतं. एकदा पुढे मासा खेळवताना माझ्या पाठीमागची पन्हळ भरली. कमरेएवढ्या पाण्यातून, कालवांवर पाय कापून घेत बाहेर आलो. त्या दिवशी पुतण्या बरोबर होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ती भीती अजून गेलेली नाही. आता घड्याळात गजर लावतो. तो वाजला की गरीला काहीही लागलेलं असो, आम्ही निघतो.

६. मोठा जिताडा सोडा.
हे ऐकून लोक मला वेडा समजतात. खारेपाटात जिताड्याला केवढा मान! त्याची पिल्लं खाडीतून आणून तळ्यांत वाढवतात. पण जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे थोराड मासा बहुधा अंड्यांची मादी. खाडीत पिल्लं यायची तर ती जगायला हवी. घरापुरता मधल्या मापाचा एक ठेवतो. शासनानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचं किमान माप ठरवून दिलं आहे. पिल्लं सोडायलाच हवीत. मोठे सोडणं मात्र आपलं आपण ठरवायचं.

७. जून-जुलै थांबा.
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात. बंदी माझ्या रॉडवर नाही, पण खडक निसरडे आणि लाट बेभरवशाची. त्या दोन महिन्यांत मी गऱ्या घासतो, रिळाला तेल देतो, वही वाचतो.

८. तुटलेला दोरा खिशात घाला.
खडकात अडकलेला दोरा वर्षानुवर्षं कुजत नाही. मी एका बगळ्याच्या पायातून तो सोडवलाय. माझ्या पिशवीत एक रिकामी बाटली असते, मिळेल तेवढा दोरा तिच्यात कोंबतो.

परवा द्वितीया. दोन पाऊणे दीड; म्हणजे सकाळी पावणेआठला सुकती. साडेसातला मी वही घेऊन तटाखाली असेन.