सुचत नाही म्हणतेस तेव्हा

चि. सई,

तुझं पत्र मिळालं. पाण्याच्या भांड्याचा प्रोजेक्ट आहे आणि पिंटरेस्ट चाळून डोळे दुखले तरी काही सुचत नाही, असं लिहिलंयस. चित्रं बघण्यात वाईट काहीच नाही. पण तिथे दिसतं ते दुसऱ्याला सापडलेलं उत्तर. त्याला कुठली अडचण सोडवायची होती ते दिसत नाही. आणि सुचायला लागतं ते अडचणीपाशीच.

म्हणून आजीचा पितळी तांब्या मागून घे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य सरकारच्या निमंत्रणावरून भारतभर फिरलं. १९५८ साली त्यांनी दिलेल्या अहवालाच्या आधारे अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना कदाचित सर्वांत सुंदर वाटला तो रोजच्या वापरातला साधा लोटा, म्हणजे आपला तांब्याच. मला त्यांचं कौतुक वाटतं ते त्यांनी त्याच्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांसाठी. डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा पेलवतो? भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे? धार कशी पडते? आतून घासता येतो का? डोळे मिटून धरला तर हाताला कसा लागतो? दगडावर ठेवताना आवाज कसा येतो? यातला एकेक प्रश्न घे आणि तांब्या हातात धरून उत्तर शोध. फोटो काढू नकोस, रेखाटनं कर. हात चालला की डोळा नीट बघतो.

मग पुण्याला ये, आपण तांबट आळीत जाऊ. तांब्याच्या भांड्यांवर ठोक्यांचे जे बारीक ठसे उमटतात, त्या मठारकामाला बरेच जण नुसती नक्षी समजतात. तांबं मऊ असतं, ठोक्यांनी ते कडक होतं आणि पातळ पत्र्याला बळ येतं. शोभा त्याच ठोक्यांतून येते. हेच ठसे प्लॅस्टिकच्या बाटलीवर छापलेले दिसले की मला खरोखर वाईट वाटतं. तुझं भांडं मातीचं असेल तर माती काय मागते ते कुंभाराकडे बसून बघ.

वेळ उरला तर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघू. काम एकच, सुपारी कातरायची. घडवणाऱ्यांनी त्यात किती रूपं शोधली आहेत!

येताना रेखाटनांची वही आण. खोडलेली पानं फाडू नकोस, मला तीच आधी बघायची आहेत.

तुझा,
मामा