कलाबतू, बटण-सेल आणि उजळणारा दागिना
(विज्ञान पाठ : इयत्ता ८ वी ते १० वी)



कलाबतू म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार. बुऱ्हाणपूरचे सोन्या-चांदीच्या पट्ट्यांचे कापड इराण-तुर्कस्तानला जाते, असे सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने लिहून ठेवले. धातू आहे म्हणजे त्यातून वीजही वाहणार! १९९७ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी धातू गुंडाळलेल्या रेशमी कापडावरच विद्युत परिपथ तयार केले. असे कापड भारतात पूर्वापार विणले जाते. आपल्या पेटीतील वस्तूचा हा गुण परदेशातून कळावा, याची आम्हांस गंमत वाटते.

आईला विचारून जुन्या लुगड्याच्या काठाचा धागा घ्या. सेल, धागा आणि लाल एलईडी जोडा. दिवा लागला तर जर धातूची. प्लास्टिकच्या जरीवर तो सहसा लागत नाही.

आता दागिना. सीआर २०३२ हा सेल २० मिमी व्यासाचा, ३.२ मिमी जाडीचा; नावातच माप आहे. दाब ३ व्होल्ट. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, म्हणून दोन दिवे एकसर जोडणीत लागणार नाहीत, समांतर जोडा. मात्र लाल आणि निळा समांतर जोडून पाहा, निळा अंधारातच राहील. का? लाल दिवा दाब २ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, निळ्याला ३ हवेत. उघडे धागे एकमेकांना टेकू देऊ नका.

बिल्ल्याची आकृती संगणकावर काढली की लेसर यंत्र ॲक्रिलिकची चकती तशीच कापते व त्यावर नक्षी कोरते. कडेला दिवा लावला की प्रकाश आतल्या आत परावर्तित होत जातो आणि कोरलेल्या रेषांतूनच बाहेर पडतो. दहावीचे पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच!

पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अशी फॅब लॅब सुरू झाली. विश्वस्तांनी यंत्र घेण्याची घाई करू नये; आधी मुलांची सहल तेथे न्यावी, अशी आमची विनंती आहे.

पालकांनो, सेलचे झाकण स्क्रूनेच बंद करा. लहान भावंडाने बटण-सेल गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, सेल उतरलेला असला तरीही. वाट न पाहता तडक दवाखान्यात न्यावे.