इंजिन बांधले, आता धूर ओळखा

हिंगणघाट, आर्वी भागातील मिस्त्री बंधूंनो, बी-२७५सारख्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन बांधल्यावर ते सुरू झाले नाही, तर लगेच हेड उघडू नका. आधी फिल्टर व पंपाचे स्क्रू सैल करून डिझेलमधील हवा काढा. सुरू झाल्यावर धूर पाहा. पांढरा असेल तर पंपाचे टायमिंग मागे किंवा कॉम्प्रेशन कमी; काळा असेल तर एअर क्लीनर व नोझल तपासा. निळा म्हणजे ऑइल जळते. बहुधा नव्या रिंगा बसलेल्या नसतात. अशा वेळी इंजिन नुसते उभे चालवू नका, बेताच्या कामाला लावा. मग टॅपेट पुन्हा तपासा. कपाशीच्या हंगामात शेतकऱ्याचा एकेक दिवस मोलाचा. नेमका दोष सांगणाऱ्याकडेच गिऱ्हाईक परत येते, असे आम्हांस वाटते.