घरउंदराचे अंगबळ आणि घराचा बंदोबस्त

सुगी संपून जोंधळा घरात आला की वर्षाची काळजी मिटली, असे शेतकरी मानतो. वस्तुतः राखणीचे काम त्या दिवसापासून सुरू होते. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत रब्बीच्या जोंधळ्यावर घरची भाकरी अवलंबून असते. कित्येक घरी पुढील पेरणीचे बियाणेही त्याच खोलीत, त्याच छपराखाली ठेवलेले असते. पिकावरील किडीबाबत दक्ष असणारा शेतकरी घरातील उंदराकडे मात्र ‘हे चालायचेच’ अशा वृत्तीने पाहतो. फारच उपद्रव झाला तर पिंजरा लावतो, दोन-चार उंदीर धरतो, आणि महिन्याभरात घर पुन्हा पूर्वीसारखे होते. याचे कारण उघड आहे. उंदीर गेला, पण त्याची वाट उघडीच राहिली. ती वाट ओळखावयाची असेल तर या प्राण्याच्या शरीरात काय सामर्थ्य आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

हा उंदीर कोणता?

आपल्या घरांच्या आसपास चार प्राणी आढळतात व लोक त्यांची गल्लत करतात. लहान घरउंदीर सुमारे १५ ते २० ग्रॅम वजनाचा असून त्याचे कान मोठे व शेपूट अंगाइतकी लांब असते. मोठा घरउंदीर त्याच्या कितीतरी पट वजनाचा असून त्याची शेपूट अंगाहून लांब असते. त्याचा वावर विशेषतः आढ्यावर व वाशांवर असतो. घूस जमिनीत बिळे करून भिंतीचा पाया पोखरते. चौथी चिचुंद्री, लांब सोंडेसारख्या तोंडाची व उग्र वासाची. ती उंदरांच्या जातीची नव्हे. तिचे मुख्य अन्न किडे व झुरळे हे होय. सबब तिला उंदीर समजून मारू नये. प्रस्तुत पाठ मुख्यतः लहान घरउंदरासंबंधी आहे. कारण तो दिसावयास क्षुल्लक, पण अडविण्यास सर्वांत कठीण.

त्याचे अंगबळ

१. फटीतून शिरणे. पूर्ण वाढलेला घरउंदीर सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंचाच्या फटीतून आत येऊ शकतो. त्याची हाडे दुमडतात असा समज आहे, तो खरा नव्हे. त्याची कवटी लहान व निमुळती आणि धड अतिशय लवचिक असते. डोके शिरले की धड मागोमाग येते. शिसपेन्सिल जेथून सरकते तेथून उंदीर येतो, ही खूण लक्षात ठेवावी.

२. उडी व चढण. जमिनीवरून तो सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट उंच उडी मारतो. खडबडीत दगडी अथवा मातीच्या भिंतीवर तो सहज चढतो. दोरी, वेल व विजेची तार यांवरून शेपटीने तोल सांभाळीत धावतो. गुळगुळीत पत्रा मात्र त्याच्या नखांना आधार देत नाही. बंदोबस्ताचे पुष्कळसे उपाय या एकाच गोष्टीवर आधारलेले आहेत.

३. पडणे. आठ-दहा फुटांवरून पडूनही तो इजा न होता पळून जातो. याचे कारण जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात सुबोधपणे मांडले आहे. हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले. प्राणी जितका लहान तितके त्याच्या वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ अधिक. त्यामुळे पडताना हवेचा विरोध त्यास अधिक होतो व जमिनीवर आपटण्याचा वेग कमी राहतो. म्हणून उंच शिंकाळे किंवा माळा एवढ्यावर विसंबू नये. चढणाऱ्यास व पडूनही न मरणाऱ्यास उंचीचे भय नसते.

४. दात. उंदराचे पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांची पुढची बाजू कठीण व मागची मऊ असल्यामुळे कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते आणि दातास आपोआप धार लागते. लाकूड, गोणपाट, प्लॅस्टिक व कच्चा गिलावा यांचा त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. विजेच्या तारेवरील वेष्टणही तो कुरतडतो व त्यामुळे आग लागण्याचा धोका संभवतो.

५. पाण्याविना राहणे. धान्यात असलेल्या अल्प ओलाव्यावर तो दीर्घकाळ जगू शकतो. मोठ्या उंदरास पाण्यासाठी बाहेर पडावे लागते. हा मात्र कोरड्या कोठीच्या खोलीत बिऱ्हाड करून राहतो. पाण्यात पडल्यास तो पोहतो. पूर आला की शेतातील व बिळांतील उंदीर, घुशी उंच व कोरड्या जागेकडे धाव घेतात. म्हणून २००५ व २०१९ सारखे कृष्णेचे महापूर ओसरल्यावर नदीकाठच्या गावांनी घरांची तपासणी विशेष काळजीने केली पाहिजे.

६. वाढ. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते, आणि ती पिले सहा-सात आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. त्यामुळे एखादीच गाभण मादी आत शिरली तरी काही महिन्यांत घर उंदरांनी भरते.

नुकसानीचा हिशेब

एक घरउंदीर दिवसाला सुमारे ३ ग्रॅम धान्य खातो. दहा उंदीर वर्षभर राहिले तर सुमारे ११ किलो धान्य गेले. परंतु खाल्लेल्यापेक्षा नासलेले अधिक असते. कारण एक उंदीर दिवसाला पन्नासहून अधिक लेंड्या टाकतो व वाटेवर मूत्र सोडीत जातो. शिवाय तो दाण्यातील कोंब प्रथम खातो. असे बियाणे पेरले तरी उगवत नाही.

रोगाचा धडा तर आपल्या जिल्ह्यांनी फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे सातारा जिल्ह्यात पसरला; आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. गावात उंदीर मरून पडू लागले की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. त्या साथीचा प्रसार प्रामुख्याने मोठ्या घरउंदरावरील पिसवांनी झाला, लहान उंदराने नव्हे. परंतु दोघांच्या येण्याच्या वाटा पुष्कळशा एकच असतात, आणि लहान उंदरासाठी बंद केलेली फट मोठ्यासही बंद होते.

घराचा बंदोबस्त

दार. दार व उंबरठा यांमधील फट ६ मिलिमीटरहून कमी असावी. दाराच्या खालच्या कडेस दोन्ही अंगांनी वीतभर रुंदीची पत्र्याची पट्टी ठोकावी.

मोरी व खिडकी. मोरीच्या तोंडास व धान्याच्या खोलीच्या खिडकीस तारेची मजबूत जाळी बसवावी. जाळीची भोके ५ मिलिमीटरहून मोठी नसावीत. प्लॅस्टिकची जाळी उपयोगी नाही.

छप्पर. पाटण व जावळीकडील कौलारू घरांत भिंतीचा माथा व वळचण यांमधील मोकळी जागा ही उंदरांची मुख्य वाट होय. ती जाळीने किंवा चुन्या-सिमेंटने बंद करावी. पूर्वेकडील धाब्याच्या घरांत तुळईची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथील भेगा व उजेडासाठी ठेवलेले साणे तपासावे.

बिळे. नुसत्या मातीने लिंपलेले बीळ एका रात्रीत पुन्हा उघडते. सिमेंटमध्ये काचेचा चुरा मिसळून बीळ खोलवर ठासून भरावे. काच हाताळताना हातास जाड फडके गुंडाळावे.

भिंतीलगतची जागा. कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा ढीग व सरपण भिंतीस टेकवून ठेवू नये. घराभोवती तीन फूट जागा स्वच्छ ठेवावी. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.

साठवण. बांबूच्या वा तुरकाट्यांच्या कणगीपेक्षा घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी श्रेयस्कर. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट अंतरावर रचावीत, म्हणजे मागील बाजू झाडता व पाहता येते. आपल्या पूर्वजांस हे तत्त्व ठाऊक होते. सांगलीजवळ हरिपूर येथील हळदीची पेवे घट्ट मातीत खोदून तोंडे पक्की बंद करीत; जेथे फट नाही तेथे उपद्रव नाही, हेच त्यांचे रहस्य. महापुरांमुळे पेवे कमी झाली, पण तत्त्व आजही खरे आहे.

आत राहिलेल्या उंदरांसाठी सापळे वापरावेत. उंदीर भिंतीच्या कडेने, मिशांनी चाचपडत जातो. म्हणून सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून लावावा. त्याचा संचार थोड्याच जागेत असतो, यास्तव दर दोन-तीन मीटरवर एक, असे अनेक सापळे एकाच रात्री लावावेत. शेंगदाणा अथवा तेल लावलेला भाकरीचा तुकडा आमिष म्हणून चांगला. विषारी औषध कृषी खात्याच्या सल्ल्याखेरीज वापरू नये. झिंक फॉस्फाइड तर घरात मुळीच आणू नये. त्यावर खास उतारा नाही, आणि घरात मुले, मांजरे व गुरे असतात.

प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने सुगीपूर्वी गावातील एक घर निवडावे व पाच-सात शेतकरी, विशेषतः घरातील स्त्रिया, यांना बोलवावे. कारण उंदराच्या वाटा त्यांनाच अधिक ठाऊक असतात. शिसपेन्सिल हाती घेऊन उंबरठ्यापासून आढ्यापर्यंत प्रत्येक फट तपासावी. पेन्सिल शिरेल तेथे खडूने खूण करावी आणि खुणा मोजून घरमालकास सांगाव्यात. त्याच दिवशी निदान दार व मोरी यांचे काम सर्वांसमक्ष पुरे करावे. पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा जावे. भिंतीच्या कडेने पीठ भुरभुरून ठेवल्यास सकाळी पावलांचे ठसे उमटलेले दिसतात किंवा दिसत नाहीत, यावरून काम कितपत साधले ते कळेल. ठसे आढळल्यास त्यांचा माग काढावा. राहून गेलेली फट बहुधा त्याच्या शेवटी सापडते.