‘नाही’ म्हणता येईल अशी मदत

दिव्यांग मूल असलेल्या गरीब घरात मंडळीची माणसं मदत घेऊन जातात, तेव्हा त्या घराला आपल्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते का, हा प्रश्न आपण फार क्वचित विचारतो. ख्रिस्ती सेवाकार्याच्या आत राहून मी हे काम पाहत आलो आहे आणि माझं मत ठाम झालं आहे: ही मोकळीक जिथे नसते, तिथे चांगल्या मनाने केलेली सेवाही त्या कुटुंबाचं नुकसान करते. कारण अशा घराचा हिशेब वेगळा असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवायला तासभर लागतो, कूस बदलावी लागते, फिट आली तर जवळ कुणी असावं लागतं. म्हणून आईची मजुरी सुटते आणि दोघांच्या कमाईवर चालणारं घर एकावर येतं. सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीला न्यायचं तर एसटीच्या भाड्याबरोबर बापाचाही रोज बुडतो. त्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी फेऱ्या. अशा वेळी जो महिन्याचं रेशन आणून देतो, त्याच्या कोणत्याही म्हणण्याला ते घर मान हलवतं. त्या होकारात मन किती आणि गरज किती, हे ओळखण्याची जबाबदारी त्यांची नाही, आपली आहे.

सगळ्यांत जास्त सांभाळायची गोष्ट आरोग्यदानाच्या प्रार्थनेची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना फिट येतात आणि त्यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. ‘विश्वास असेल तर औषध सोडा’ असं कुणी सुचवलं आणि आईने गोळ्या एकदम थांबवल्या, तर फिट लांबत जाऊन मूल दगावू शकतं. यावर मंडळीतून हमखास प्रश्न येतो, की येशूने आजारी माणसं बरी केली, मग आम्ही तसं मागू नये का? जरूर मागावं. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, की पाप याचं की याच्या आईबापांचं, तेव्हा येशू दोन्ही नाकारतो, हेही आपण तितक्याच ठामपणे सांगितलं पाहिजे. ‘बरं होईल’ असं वचन आपण दिलं आणि मूल बरं झालं नाही, तर दोष शेवटी आईच्या विश्वासावर येतो. गावाने तिला कर्म आणि शाप ऐकवलेलेच असतात. त्यात आपली भर नको. प्रार्थना करायची ती तिला विचारून, आणि गोळ्यांची वेळ चुकू न देता.

दुसरा मोह मुलाला उचलून संस्थेत ठेवण्याचा. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो. 1887 मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनने अंध स्त्रियांनाही आसरा दिला. त्या काळी दुसरं दार नव्हतं आणि दुष्काळाने घरंच्या घरं मोडली होती. आज ज्या मुलाला आईबाप आहेत, त्याला केवळ अपंगत्वामुळे त्यांच्यापासून वेगळं करता येत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं नववं कलम त्यासाठी सक्षम न्यायालयाचा आदेश मागतं, तोही मुलाच्या हितासाठी गरज असेल तरच. कुणी म्हणेल, झोपडीत ओल आहे, उपासमार आहे, आमच्याकडे निदान पोटभर मिळेल. मग तोच खर्च त्या झोपडीत का जाऊ नये? ओल आणि उपासमार ही गरिबीची दुखणी आहेत. त्यांच्यावर उपाय म्हणून मुलाचं घर तोडणं मला मान्य नाही.

घरीच काय करता येतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच, अनेकदा निरक्षर आणि दलित बायांना शिकवून आरोग्यसेविका केलं आणि ज्ञान दवाखान्यातून घराघरांत नेलं. कृत्रिम पायही तिथल्याच कार्यशाळेत बनू लागले. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची श्रद्धा कुणापासून लपलेली नव्हती. उपचारासाठी मात्र कुणाची श्रद्धा तपासली गेली नाही. ‘सुवार्ता सांगितली नाही तर आपण आणि सामाजिक संस्था यांत फरक काय’ असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं. कुणी आपणहून विचारलं तर सांगावं, मोकळेपणाने सांगावं. पण धान्याच्या पोत्याबरोबर उपासनेची हजेरी जोडली, की विचारण्याची जागाच उरत नाही. शिवाय अनुसूचित जातीचं कुटुंब ख्रिस्ती झालं तर 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो, आणि भावंडांची शिष्यवृत्तीही त्याबरोबर जाऊ शकते. हे बाप्तिस्म्याआधी स्पष्ट न सांगणं ही फसवणूक आहे. फोटोचंही तसंच. देणगीदाराला छायाचित्र हवं असतं हे मी समजू शकतो. पण नाक गळणारं, अर्धवट कपड्यातलं मूल दाखवून पैसा येत असेल, तर तो त्या मुलाची अब्रू विकून येतो. काम आकड्यांतून आणि हिशेबातून दाखवा.

वस्तू वाटण्याआधी थांबून पाहावं. मोठ्या माणसाच्या मापाची व्हीलचेअर लहान मुलाला दिली तर ते एका बाजूला कलतं, पाठीचा कणा वाकत जातो, जखमा होतात. त्यापेक्षा फिजिओथेरपिस्टला दाखवून गावच्या सुताराकडून मापाची, कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची करून घेणं स्वस्त पडतं आणि मूल ताठ बसून जेवतं. आडवं झोपवून भरवलं तर अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो, हे कुणीतरी आईला करून दाखवायला हवं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), संजय गांधी निराधार अनुदान, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ योजनेतला वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा: हे सगळं त्या मुलाच्या हक्काचं आहे, आपल्या उपकाराचं नाही. तहसीलच्या रांगेत त्यांच्याबरोबर उभं राहणारा माणूस द्या. आपलं मिशन उद्या गावातून उठलं तरी ते कार्ड आणि तो विमा त्या घराकडे राहतील.

तेव्हा पाळकांना, पंचांना आणि देणगी देणाऱ्यांना माझी विनंती आहे: येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ब्लँकेट आणि नाताळच्या भेटींशेजारी आणखी एक रकाना घाला. मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी आईबापांची जी मजुरी बुडते, ती त्यातून भरून द्या, आणि ते घर रविवारी उपासनेला येतं की नाही हे त्या रकान्यात लिहू नका.